कलम बांधण्याचा व्हिडिओ: नेमक्या पायरीवर परत कसं जायचं?

पावसची कलमवाली
पावसजवळ आमची कलमांची रोपवाटिका आहे. दर पावसाळ्यात ७-८ मुली कोय कलम, म्हणजे कोयीतून रुजलेल्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधणं, शिकायला येतात. पुतण्याने माझ्या हातांचा ३८ मिनिटांचा व्हिडिओ काढलाय, रायवळची कोय रुजवण्यापासून. पण मुली अडतात एकाच ठिकाणी: हापूसच्या काडीची पाचर, म्हणजे रोपाच्या चिरेत बसवायचं निमुळतं टोक. दोन्ही बाजूंचा ४-५ सेंटीमीटरचा तिरका काप एका ओढीत सपाट यायला हवा. चाकू दोनदा फिरला की खाच राहते, मग पट्टी कितीही आवळा, सालीला साल भिडत नाही आणि काडी काळी पडते. ते ४० सेकंद शोधायला मुली चिकट बोटांनी व्हिडिओ मागेपुढे ओढत बसतात, तोवर कापलेली काडी सुकते. चूक झाली की थेट तिथेच जाता येईल असं काही करता येतं का?

सावंतवाडीचा संगणक मास्तर
ताई, यूट्यूबवर टाकला असेल तर वर्णनात एकाखाली एक वेळ आणि भागाचं नाव लिहा. आकडे इंग्रजीत. पहिली वेळ शून्यापासूनच हवी, भाग किमान ३ आणि प्रत्येक निदान १० सेकंदांचा. फोनवर दोन बोटांनी दोनदा टिचकी मारली की पुढचा-मागचा भाग लागतो. नावं मुलींच्या तोंडची द्या.

गुहागरकर
भाग पाडून जागा सापडेल, पण आपलं चुकलंय हे मुलीला कळायला हवं ना? त्यासाठी एच५पी बघा, व्हिडिओत प्रश्न घालायचं साधन, फुकट आहे. व्हिडिओ ठरल्या जागी थांबतो, प्रश्न विचारतो आणि उत्तर चुकलं तर तुम्ही ठरवाल त्या सेकंदावर नेतो. त्यात चौरस्ताही टाकता येतो: दोन-तीन पर्याय, प्रत्येकाची वाट वेगळी. लॅपटॉपवर लुमी नावाच्या ॲपमध्ये बनवा. रेंज नसेल तर व्हिडिओ यूट्यूबवरून न जोडता आतच भरा. मूडलच्या (ऑनलाइन वर्ग चालवायची प्रणाली) ॲपमध्ये आधी उतरवून ठेवला की नेटशिवाय चालतो.

पावसची कलमवाली
मास्तर, काल रात्री ९ भाग पाडले. आज एकीची पाचर बिघडली, तिने स्वतःच तो भाग लावला, तीनदा पाहिला आणि नवी काडी घेतली. मला हातातलं कलम सोडून उठावं लागलं नाही, फार बरं वाटलं.
गुहागरकर, चौरस्त्यासाठी फसलेल्या पाचरींचे फोटो काढतेय: खाच पडलेली, एका अंगाला जाड, टोक मोडलेली. "तुझी यातली कुठली?" एवढंच विचारणार. जाड पाचरेचं दुरुस्त करणं मात्र व्हिडिओत नाहीच, ते उद्या सकाळी उजेडात घेते.