एकवीस वर्षं एकाच कंपनीचं पिस्तूल, आणि आता पुंगळ्या अडकतायत

डावखुरा:
कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की दोन प्रतिसादांत 'आमची चांगली की तुमची' सुरू होईल. याच कंपनीच्या दोन ९ मिमी पिस्तुलांवर मी एकवीस वर्षं स्पर्धा खेळतोय. पहिलं पोलादी, दुसरं चार वर्षांपूर्वी घेतलेलं, पॉलिमर सांगाड्याचं. पोलादीनं आठवतं तसं दोनदाच दगा दिला, आणि दोन्ही वेळा काडतूस फुसकं होतं. टिकली नीट ठेचली गेली होती, बार काही उडाला नाही. त्यात पिस्तुलाचा काय दोष?

दुसऱ्याचं सांगतो. मी प्रत्येक सरावाची वही ठेवतो. गेल्या दोन महिन्यांत ६४० राउंड, त्यात ११ वेळा अडकलं. नऊ वेळा पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, बाहेर पडलीच नाही, स्लाइडच्या (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या) खिडकीत धुराड्यासारखी उभी राहिली. दोन वेळा पुढची गोळी चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या घराच्या, तोंडाशी तिरकी रुतली. एकदा तर ऐन स्पर्धेत, वेगाच्या मालिकेत. मालिकेचं वाटोळं झालं.

क्लबातला मित्र म्हणतो, "कंपनीत पहिल्यासारखं काम राहिलं नाही." मलाही तसंच वाटायला लागलंय, आणि तसं वाटतंय याचंच जास्त वाईट वाटतंय. कुणाला असा अनुभव?

गंजका खिळा:
'पूर्वीची पिस्तुलं कधी अडकायची नाहीत' म्हणणाऱ्यांसाठी. मार्च १९११ मध्ये अमेरिकी सैन्याच्या चाचणीत ब्राउनिंगनं रचलेल्या कोल्ट पिस्तुलानं (हेच पुढे '१९११' म्हणून ओळखलं गेलं) ६,००० राउंड झाडले, एकदाही अडकलं नाही. समोरचं सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल ३७ वेळा अडकलं. ही गोष्ट सगळे छाती फुगवून सांगतात. पण दर शंभर राउंडनंतर पिस्तूल पाच मिनिटं थंड होऊ देत होते आणि दर हजाराला साफ करून तेल देत होते, हे सांगताना गाळतात. शिवाय ते गोल नाकाच्या, धातूनं मढवलेल्या गोळीसाठी बांधलेलं. पुढे पोकळ टोकाच्या गोळ्या आल्या तेव्हा त्या घेताना जुनी १९११ कुरकुरायचीच. पिस्तूल तेच, खुराक बदलला.

तेलाची बुधली:
डावखुरासाहेब, मी बरीच वर्षं शस्त्रदुरुस्ती केली. कंपनीवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. आधी तीन गोष्टी सांगा. मॅगझिनांवर नंबर टाकलेत का? गोळी किती ग्रेनची (म्हणजे किती वजनाची), आणि अलीकडे बदललीत का? रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे मागे गेलेली स्लाइड परत पुढे ढकलणारी, मूळचीच आहे ना?

विचारतो का, तर पुंगळी आपसूक उडत नाही. एक्स्ट्रॅक्टर तिला कडेला धरून मागे ओढतो, ती इजेक्टरवर आदळते आणि मग बाहेर पडते. त्यासाठी स्लाइड पुरती मागे जायला हवी, तीही जोरात. हा जोर येतो बारातूनच, आणि त्यातला काही स्प्रिंग दाबण्यात खर्च होतो. बार मवाळ असेल किंवा स्प्रिंग कडक असेल, तर स्लाइड अर्ध्या वाटेतून परत फिरते. मनगट ढिलं असलं तरी तेच, कारण मग सांगाडाही स्लाइडबरोबर मागे जातो. पॉलिमरचं पिस्तूल हलकं, त्यात हे जास्त दिसतं. तुमच्या जुन्या पोलादीला ढिला हातही चालून गेला असेल.

गोळी चेंबरशी रुतते त्या दोन वेळा मात्र मी वेगळ्या धरीन. तिथे बहुतेकदा मॅगझिनचे ओठ, म्हणजे गोळी धरून ठेवणारे वरचे काठ, वाकलेले असतात.

एकनळी:
थोडं अवांतर. विश्वासार्ह म्हणजे नुसतं 'चाप ओढला की उडणारं' नव्हे, 'ओढल्याशिवाय न उडणारं' हेही आलं. सिग कंपनीचं पी३२० पिस्तूल जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी सैन्यानं निवडलं आणि त्याच ऑगस्टमध्ये बाजारातल्या पी३२० साठी कंपनीला चापाचे भाग बदलून द्यायची योजना काढावी लागली, कारण ठराविक कोनात पडलं तर बार उडू शकत होता. निवड झाली म्हणजे शिक्का बसला असं नसतं.

डावखुरा:
बुधलीकाका, वही उघडली आणि कान धरले. दीड वर्षापूर्वी, हिसका कमी जाणवावा म्हणून, जड स्प्रिंग मीच घातली होती. नोंद माझ्याच अक्षरात आहे. तेव्हा १२४ ग्रेनच्या गोळ्या होत्या, पुरेशा दमदार. दोन महिन्यांपूर्वी सरावासाठी ११५ ग्रेनच्या मवाळ घेतल्या. अडकणं सुरू झालं ती तारीख आणि पहिला खोका फोडला ती तारीख एकच!

पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करून मूळची स्प्रिंग परत बसवली. त्याच मवाळ गोळ्या, २०० राउंड. पुंगळी एकदाही अडकली नाही. गोळी एकदा रुतली. मॅगझिनांवर बायकोच्या नेलपॉलिशनं नंबर टाकले होते, हे तीन नंबरचं निघालं. दुसऱ्याशेजारी धरून पाहिलं तर डावा ओठ किंचित उघडलेला. सिमेंटवर पडलेलं तेच असणार. ते आता सरावाच्या पिशवीतूनही काढलं.

तेलाची बुधली:
फेकू नका, त्यावर लाल फुली मारा. नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी 'बरं दिसतंय की' म्हणून परत भरतं.

गंजका खिळा:
आणि तो मित्र काय म्हणाला?

डावखुरा:
"तरीपण पूर्वीची वेगळीच होती." मग त्याला रेंजवरच त्याचं पिस्तूल उघडायला लावलं. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली एवढा काळा थर, की दातकोरणं मोडलं.