चिलापी की बांगडा? सांगलीच्या ताटात कोण जास्त गुणाचं

कृष्णाकाठ
बांगडा म्हणजे औषध आणि चिलापी (तिलापिया) म्हणजे कचरा, असं आपल्याकडे आता दवाखान्यातल्या बाकड्यावरही ऐकू येतं. कोलेस्टेरॉल वाढल्याचं सांगा, शेजारचा लगेच म्हणणार, "नदीतलं सोडा, समुद्रातलं खावा." मला हे पटत नाही. म्हणून हा धागा.

सांगली-मिरजेतल्या माणसानं आठवड्यातून दोनदा ताजी चिलापी खाल्ली तर त्याचं काही बिघडत नाही, उलट भलंच होतं. शंभर ग्रॅम कच्च्या चिलापीत वीस ग्रॅम प्रथिनं, चरबी दोन ग्रॅमांच्या आत, कॅलरी शंभराच्या आत. बी-१२ दीड मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे दिवसाची निम्म्याहून जास्त गरज भागली. सेलेनियम भरपूर. पारा नावापुरता, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या तक्त्यात चिलापीची सरासरी ०.०१३ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आहे. प्रथिनांत बांगडा काही फार पुढे नाही. उरतं ते ओमेगा-३, म्हणजे हृदयाला चांगली म्हणतात ती माशातली चरबी. तेवढ्यासाठी घाट चढून आलेला, बर्फात किती वेळ पडून होता ते ठाऊक नसलेला मासा जास्त पैसे देऊन आणायचा आणि समोर फडफडणारी चिलापी सोडायची? बोला.

माहेर_रत्नागिरी
"उरतं ते ओमेगा-३" असं म्हणून तुम्ही मुद्दा हातोहात बाजूला सारलात, पण भांडण त्याचंच आहे. प्रथिनं काय, अंड्यातही मिळतात, हरभऱ्याच्या डाळीतही मिळतात. मासा खायचा तो ईपीए आणि डीएचए या ओमेगा-३मधल्या दोन स्निग्धाम्लांसाठी. ती दुसरीकडे सहजी मिळत नाहीत. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५० मिलिग्रॅम पुरे, असं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समित्या सांगतात. आठवड्याचे झाले पावणेदोन ग्रॅम. शंभर ग्रॅम चिलापीत दोन्ही मिळून शंभर मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे आठवड्याला पावणेदोन किलो निव्वळ मांस खा, काटे-डोकं वेगळं! बांगडा दोन-तीन वेळा केला की काम झालं.

आणि "आम्ही जवसाची चटणी खातो की" असं कुणी लिहायच्या आत सांगते. जवसात एएलए असतं, ते वनस्पतींतलं ओमेगा-३. शरीर त्यातलं फार थोडं ईपीएमध्ये बदलतं आणि डीएचए तर नाममात्र होतं. चटणी खा, चांगली आहे, पण ती बांगड्याच्या जागी नाही बसत.

आबा_कवठेपिरान
दोगंबी ऐका. आमी बारकं असताना वारणंला वाम घावायची, मरळ घावायची, शिंगाळा घावायचा. पावसाच्या तोंडाला चढणीचं मासं आलं की सगळी आळी बुट्ट्या घिऊन वड्यावर. ही चिलापी कुणी आणली आन् कशापायी आणली? आल्यापासनं बाकीच्यांची अंडीबी ठेवंना झाली. बांगडा तर आमच्या आजानं बगितलाबी नव्हता, वाळला सोडून. तरी गडी नव्वदीपातूर शेतात. तुमचं वमेगा का फिमेगा त्याला म्हाईत न्हवतं.

तक्तेवाला
आबा, आणली १९५२ साली, मूळ आफ्रिकेतली. भराभर वाढते, काहीही खाते, कमी प्राणवायूतही तगते, म्हणून स्वस्तातल्या प्रथिनांचा मार्ग म्हणून सोडली. पुढं ती नद्या-धरणांत सगळीकडं पसरली आणि स्थानिक माशांना भारी पडली, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे.

आता बांगड्याचे आकडे. इंटरनेटवर "शंभर ग्रॅमला दोनशे कॅलरी, चौदा ग्रॅम चरबी, दोन ग्रॅमांच्या वर ओमेगा-३" असे तक्ते फिरतात ते उत्तर अटलांटिक महासागरातल्या माशाचे. तो थंड पाण्यातला, चरबीनं भरलेला. आपल्या किनाऱ्यावरचा बांगडा त्याचा चुलतभाऊ म्हणा फार तर. जात वेगळी, अंगही वेगळं. आपल्याकडच्याची चरबी मोसमाप्रमाणं खालीवर होते. काही महिन्यांत दोनेक टक्केच सापडते, अंगावर आलेला असताना त्याच्या काही पट. त्यामुळं ताईंचा "दोन-तीन वेळा केला की काम झालं" हा हिशोब चांगल्या मोसमात जुळेल, बाराही महिने जुळेल असं नाही. तरीसुद्धा रोडावलेला बांगडासुद्धा ओमेगा-३मध्ये चिलापीच्या बराच वर राहतो. हे कृष्णाकाठ यांनी मान्य करायला हरकत नसावी.

कृष्णाकाठ
ते मी कधी नाकारलं? बांगड्यात ओमेगा-३ जास्त आहे, पहिल्या पोस्टमध्येच आहे. माझा प्रश्न पुढचा आहे. त्या जास्तीनं तब्येतीत नेमकं किती फरक पडतो?

विश्रामबाग_जिम
पडतो भाऊ. चिलापीत ओमेगा-३ कमी आहे एवढंच नाही, ओमेगा-६ जास्त आहे. त्यातलं अरॅकिडोनिक आम्ल अंगात दाह वाढवतं. २००८ मध्ये अमेरिकेच्या वेक फॉरेस्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच मांडलं होतं. तेव्हा "चिलापी डुकराच्या बेकनपेक्षा वाईट" अशा बातम्या जगभर झाल्या होत्या. आमच्या ग्रुपमध्ये चिलापी पूर्ण बंद आहे.

कृष्णाकाठ
बातमी अर्धीच वाचलीत. त्याच वर्षी ओमेगा-३वर आयुष्य घालवलेल्या शास्त्रज्ञांनी मिळून खुलं पत्र काढलं की चिलापी कमी चरबीचा मासा आहे, तिची बेकनशी तुलना करणं चूक आहे आणि ती आहारात असायला हरकत नाही. साधा हिशोब करा. सगळी चरबीच दोन ग्रॅमांच्या आत, त्यात अरॅकिडोनिक असून असून किती असणार? आणि तुम्ही ती तळता कशात? सूर्यफूल तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सात-आठ ग्रॅम ओमेगा-६ असतं. माशाला शिव्या आणि कढईला माफी!

विश्रामबाग_जिम
दोन्ही ओमेगा-६च, पण तेलातलं लिनोलेइक आणि माशातलं अरॅकिडोनिक एक नव्हे. लिनोलेइकचं अरॅकिडोनिक शरीरात फार कमी होतं. दोन्ही एका तागडीत घालू नका. आणि मी तळत नाही, वाफवतो.

माहेर_रत्नागिरी
वाफवलेली चिलापी! शिक्षाच की. आमच्याकडे बांगडा तिरफळं घालून, ओल्या नारळाच्या वाटणात, वर कोकम. इथं सासरी कांदा-लसूण मसाला आणि सुक्या खोबऱ्याचा जाळ रस्सा करतात, तोही मला आता आवडतो. पण पहिल्यांदा बांगड्याचं ते रूप बघून माझ्या आईला फोन लावला होता. असो. तेलात बुडवून कुरकुरीत केलं की माशातली चरबी तेलात जाते आणि तेल माशात येतं, हे बांगड्यालाही लागू. रस्सा केला की जे सुटतं ते भाकरीबरोबर पोटातच जातं.

ओपीडी_नंतर
"फरक किती" यावर थोडं. १९८९ मध्ये वेल्समधला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले २०३३ पुरुष. ज्यांना आठवड्यातून दोनदा चरबीयुक्त मासा खायला सांगितलं त्यांच्यात दोन वर्षांत मृत्यू २९ टक्क्यांनी कमी. बांगडा-पक्षाचं हे आवडतं हत्यार. पण त्याच मंडळींनी पुढं अंजायनाच्या (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याच्या) तीन हजारांवर पुरुषांवर तसाच प्रयोग केला, तो २००३ मध्ये आला, आणि त्यात फायदा दिसला नाही. मासा किंवा माशाच्या तेलाचा सल्ला दिलेल्या गटात अचानक हृदय बंद पडून झालेले मृत्यू उलट जास्त निघाले. अमेरिकेत २५,८७१ लोकांना घेऊन ओमेगा-३च्या गोळ्यांची मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०१८ मध्ये आले. मुख्य निष्कर्ष: हृदयविकार आणि पक्षाघाताच्या एकूण घटनांत लक्षणीय फरक नाही. मात्र जे मुळात मासा कमी खात होते त्यांच्यात फायद्याची चिन्हं दिसली.

हे शेवटचं वाक्य सांगलीला लागू पडतं. इथला बहुतेक माणूस रविवारी मटण किंवा कोंबडी खातो, मासा क्वचित. त्याच्या ताटात कोणता मासा, यापेक्षा मटणाच्या जागी मासा आला की नाही, हे मी आधी विचारतो. तिथं चिलापीही चालते. पण दोन्ही सारख्याच मिळत असतील आणि मला एक निवडायला सांगितलं, तर बांगडाच. गोळ्या नकोत.

आयर्विन_पूल
सगळे मांसाचे तक्ते वाचताय, पाण्याचं कोण बोलणार? २०२३ च्या मार्चमध्ये अंकलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता, पेपरांत फोटो आले होते. मळीमिश्रित पाणी, शहराचं सांडपाणी, शेतातून वाहून येणारी औषधं, सगळं नदीत. अशा पाण्यात तगून राहणारा मासा कोणता? चिलापी. तगते हा तिचा गुण पाळणाऱ्याच्या दृष्टीनं, खाणाऱ्याच्या नाही. कृष्णाकाठ, ०.०१३ पीपीएम हा अमेरिकेच्या बाजारातल्या चिलापीचा आकडा. आपल्या पुलाखालच्या चिलापीचा नव्हे. तो इथं दाखवून कुणाला खात्री पटवताय?

कृष्णाकाठ
मी पुलाखालची घेत नाही. धरणातली किंवा ओळखीच्या शेततळ्यातली घेतो.

आयर्विन_पूल
बाजारात पाटीवर पत्ता लिहिलेला असतो का? धागा "सांगलीच्या ताटात" म्हणून काढलाय, तुमच्या एकट्याच्या ताटाचा नाही.

कल्ले_बघून_घ्या
मी विकणारा आहे, दोन्ही विकतो, त्यामुळं दोन्हीकडून शिव्या खायची सवय आहे. शेततळ्यातली चिलापी आणि नदीतली चिलापी जाणता गिऱ्हाईक वासावरनं ओळखतो. गाळाचा वास आला की घेऊ नका. विचारलं तर विकणारा कुठली ते सांगतो, लोक विचारतच नाहीत.

बांगड्याचं मात्र खरं सांगतो. रत्नागिरीकडनं अंबा घाटानं गाडी येते, साताऱ्या-कऱ्हाडकडं चिपळूणहून कुंभार्लीनं. बर्फ नीट असेल तर माल उत्तम. बर्फ कमी पडला तर बांगडा लई लवकर बिघडतो. त्याच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल जास्त, ऊब मिळाली की त्याचं हिस्टमिन होतं. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, खाज सुटते, डोकं दुखतं, लोक म्हणतात "मासा बाधला". हे शिजवून जात नाही, तळूनही जात नाही. चिलापीत ही भानगड नाही. म्हणून बांगडा घेताना कल्ले लालभडक, डोळे फुगीर, अंग ताठ. बोटानं दाबलं की खड्डा राहता कामा नये. घरी आणून दुपारभर ओट्यावर ठेवायचा नाही, सरळ फ्रीजमध्ये. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. त्या दिवसांत कुणी "आजचाच ताजा बांगडा" म्हणून भरीला घातलं तर हसून पुढं जा.

माहेर_रत्नागिरी
हे मात्र शंभर टक्के. पावसाळ्यात आमच्याकडेही खाराच बांगडा निघतो. त्यात मीठ एवढं की बीपीवाल्यांनी चवीपुरताच घ्यावा. तारली आणि मांदेलीही विसरू नका. तारली ओमेगा-३ला बांगड्याच्या तोडीची, आणि मांदेली काट्यासकट खाता येते, कॅल्शियम आयतंच.

आयर्विन_पूल यांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, पण तो कृष्णाकाठना जेवढा लागतो तेवढा समुद्राला लागत नाही असं समजू नका. मोठे शिकारी मासे पारा साठवतात. सुरमईच्या अमेरिकी भावंडाची तिथल्या तक्त्यातली सरासरी ०.७३ पीपीएम आहे आणि गरोदर बायकांना ते टाळायला सांगतात. बांगडा प्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांवर) जगणारा, आयुष्य थोडं, म्हणून त्यात साठत नाही. त्यामुळं "समुद्रातलं सगळं चांगलं" हे मी म्हणत नाही. बांगडा चांगला, एवढंच म्हणते.

कृष्णाकाठ
म्हणजे बांगडा चांगला, पण मोसमात, आणि बर्फात आला असेल तर, आणि कल्ले लाल असतील तर, आणि जून-जुलै सोडून. मग राहिलेल्या दिवसांत सांगलीकरानं काय खायचं? माझी चिलापी.

माहेर_रत्नागिरी
रोहू-कटला खा की. काटे जपून काढा. पण चिलापीला बांगड्याच्या पाटावर बसवू नका.

जावई_तासगावचा
मधेच विचारतो, रागावू नका. सासऱ्यांचं युरिक ॲसिड वाढलंय, अंगठा सुजतो. त्यांना बांगडा फार प्रिय. द्यावा का?

ओपीडी_नंतर
बांगडा आणि तारली दोन्हींत प्युरिन जास्त, आणि त्याचंच अंगात युरिक ॲसिड होतं. अंगठा सुजलेला असताना बंद. सूज उतरल्यावर त्यांच्या डॉक्टरांना विचारून कधीतरी, थोडा. सुकट-जवळाही नको. त्यांच्यासाठी चिलापी किंवा रोहू त्यातल्या त्यात बरा, तोही बेताचा. आणि गोळ्या चालू असतील तर मनानं बंद करायच्या नाहीत.

कृष्णाकाठ
नोंद घ्यावी. चिलापी.

माहेर_रत्नागिरी
आजारी माणसाला! धडधाकटाला बांगडाच.

जावई_तासगावचा
वाचून दाखवलं. ते म्हणतात, बांगडा बंद तर मटण आणा.

ओपीडी_नंतर
मटणातही प्युरिन आहे. आणि कलेजीचं तर त्यांच्यासमोर नावही काढू नका.