मदत हवी आहे: शस्त्रक्रियेआधी मुठीची ताकद दोघांनी मोजली, आकडे जुळेनात

पायवाट
शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत फ्रेल्टी (वयाने येणारी दुर्बलता) मोजायला सुरुवात केली आहे. रुग्ण पुरुष, वय ७६, वजन ५८ किलो, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया तीन आठवड्यांनी. डायनॅमोमीटरवर (मुठीचा जोर मोजायच्या यंत्रावर) एकाने २२ किलो नोंदवले, दुसऱ्याने त्याच दिवशी २७. चार मीटर चालायला ४.४ सेकंद. खुर्चीतून पाच वेळा उठताना चौथ्या वेळी हात टेकला. क्लिनिकल फ्रेल्टी स्केलवर (१ ते ९, १ म्हणजे धडधाकट) मात्र ३. कोणता आकडा धरायचा? आणि ताकद कमी पण स्केल बरे, हे कसे लावायचे?

कडूलिंब
आधी दोघांनी कसे मोजले ते विचारा. पाच किलोंचा फरक बहुधा पद्धतीतून येतो. जामर प्रकारचे (हँडल दाबायचे, हायड्रॉलिक) यंत्र असेल तर रुग्ण बसलेला, पाय जमिनीवर, खांदा अंगाजवळ, कोपर ९० अंशांत, अंगठा वरच्या दिशेला. हँडल दुसऱ्या खाचेत. यंत्राचे वजन तुम्ही खालून हलकेच पेला, पण पकडून धरू नका. मांडीवर टेकू देऊ नका. ३ ते ५ सेकंद पूर्ण जोर, मग निदान अर्धा मिनिट विश्रांती. उजवा-डावा आलटूनपालटून, प्रत्येकी तीन वेळा. दर वेळी काटा शून्यावर आणायचा. हे विसरले की आधीचाच मोठा आकडा तसाच दिसत राहतो. "जोर लावा, अजून, अजून" हे शब्दही सगळ्यांना सारखेच आणि तितक्याच आवाजात. एकाने गप्प राहून मोजले आणि दुसऱ्याने ओरडून, तर आकडे जुळायचे नाहीत.

स्प्रिंगचे स्मेडली यंत्र असेल तर पद्धत वेगळी: उभे राहून, कोपर सरळ. म्हणून यंत्राचा प्रकार नोंदवहीत लिहाच. सांधेदुखी, कार्पल टनेल (मनगटात नस दबणे), अर्धांगवायूचा जुना झटका, सलाईनची सुई यांतले काही असेल तर कोणत्या हाताला, तेही लिहा.

दुसरी_घंटा
कडूलिंब यांनी सांगितलेल्या सहा प्रयत्नांतला सर्वांत मोठा आकडा घ्या. फ्रीडच्या फ्रेल्टी निकषांत तीन प्रयत्नांची सरासरी धरतात आणि सीमारेषा बीएमआयनुसार (उंचीच्या मानाने वजन) बदलते, त्यामुळे एकाची पद्धत आणि दुसऱ्याची रेषा अशी खिचडी करू नका.

सीमारेषांचेही तसेच. सार्कोपेनियाच्या (वयाने स्नायू झिजण्याच्या) आशियाई गटाच्या २०१९ च्या निकषांत पुरुष २८ किलोंखाली आणि स्त्रिया १८ खाली असतील तर ताकद कमी. युरोपीय गटाच्या २०१९ च्या निकषांत २७ आणि १६. तुमचा रुग्ण पहिल्या यादीत २२ असो वा २७, दोन्ही वेळा अशक्त. दुसऱ्या यादीत २७ ला नेमका सुटतो! चालण्याचा वेग ४ भागिले ४.४, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.९ मीटर: आशियाई निकषात (१.० खाली) मंद, युरोपीय निकषात (०.८ किंवा कमी) नाही. कुठली यादी वापरता ते विभागाने ठरवा आणि मग बदलू नका.

खुर्चीच्या चाचणीत हात टेकला की ती चाचणी "करता आली नाही" अशीच लिहायची, सेकंद लिहायचे नाहीत. खुर्ची बिनहातांची, भिंतीला टेकवलेली, सुमारे ४३ ते ४५ सेंमी उंच. हात छातीवर आडवे. माझ्या मते या रुग्णाची सर्वांत बोलकी खूण हीच. शस्त्रक्रियेनंतर पलंगावरून उठवणार ते पाय, मूठ नव्हे.

स्केलचा ३ याला विरोध नाही. ते स्केल रोजच्या व्यवहारात माणूस किती अवलंबून आहे ते पाहते. मूठ स्नायूंची ताकद पाहते. ताकद आधी उतरते, परावलंबन मागून येते. फक्त ३ नीट दिला आहे ना, ते तपासा: आजची नव्हे, आजार बळावण्याआधीच्या साधारण दोन आठवड्यांपूर्वीची स्थिती धरायची. घरच्यांना स्वतंत्रपणे विचारा: पैशांचे व्यवहार, औषधे, प्रवास, जड घरकाम कोण करते? त्यात मदत लागत असेल तर ५. आंघोळीला मदत लागत असेल तर ६.

पायवाट
एकाने उभ्याने घेतले होते आणि उजव्या मनगटाजवळ सुई होती. उद्या परत मोजतो. तोवर दाबायला चेंडू देऊ का?

कडूलिंब
नको. आकडा वाढेल, पण उठणेबसणे तसेच राहील. त्याऐवजी दिवसाआड खुर्चीतून उठणे-बसणे: आधी उंच आसनावरून, जमेल तितक्या वेळा, दोन-तीन फेऱ्या, हात न टेकता जमू लागले की आसन खाली आणा. रोज चालणे, आणि श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम. प्रथिने दर किलो वजनाला दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे या रुग्णाला ७० ते ८७ ग्रॅम, तीन-चार जेवणांत वाटून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. आतड्यात अडथळ्याची लक्षणे असतील तर आहारही सर्जनच ठरवतील.

दुसरी_घंटा
याशिवाय हिमोग्लोबिन, गेल्या वर्षातली वजनघट, झोपेच्या गोळ्या आणि मिनी-कॉग (स्मरणशक्तीची छोटी चाचणी: तीन शब्द आणि घड्याळाचे चित्र) पाहून ठेवा. शस्त्रक्रियेनंतर भ्रम (गोंधळलेली अवस्था) होण्याचा धोका आधीच कळतो. केवळ मुठीच्या आकड्यावरून कर्करोगाची शस्त्रक्रिया पुढे ढकलू नका. भूलतज्ज्ञाला एकच ओळ पाठवा: "जामर, बसून, खाच २, उजवा (सुई) __, डावा __, चाल ०.९, खुर्ची जमली नाही, स्केल ३, घरच्यांकडून खात्री."

पायवाट
ओळ तशीच उचलतो. दोघांनाही एकाच पद्धतीने मोजायला बसवतो.