क्लब बुडायला लागला की मुदत कोणाला आणि दांडा कोणाला?

वणीकर (धागाकर्ता):
इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये पैशाचे नियम आहेत आणि ते मोडले की गुण कापतात, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. माझं भांडण नियमाशी नाही. नियम मोडल्यावर कोणाला किती मुदत मिळते, त्याच्याशी आहे.

बरी हा मँचेस्टरजवळच्या गावातला १८८५ चा क्लब. एफए कप, म्हणजे इंग्लंडचा जुना मोठा कप, दोनदा जिंकलेला. डिसेंबर २०१८ मध्ये एका माणसाने तो १ पौंडाला विकत घेतला. पुढे पगार थकले, देणी थकली, लीगने तारीख दिली. २७ ऑगस्ट २०१९, संध्याकाळचे पाच. त्या दिवशी सकाळी गावातली माणसं झाडू-पोछा घेऊन स्टेडियमवर पोचली होती. विक्री होणार, शनिवारी मॅच होणार, म्हणून खुर्च्या पुसत होती. रात्री बातमी आली, क्लब लीगबाहेर. त्याच दिवशी शेजारच्या बोल्टनलाही हाच धाक होता. त्यांना आणखी १४ दिवस मिळाले.

आता वरच्या मजल्यावर, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये या. मँचेस्टर सिटीवर फेब्रुवारी २०२३ मध्ये पैशाचे नियम मोडल्याचे शंभराहून जास्त आरोप लागले, बहुतेक २००९ ते २०१८ या काळातले. सुनावणी सुरू झाली सप्टेंबर २०२४ मध्ये. एव्हर्टनवर आरोप लागला मार्च २०२३ मध्ये, म्हणजे सिटीच्या नंतर, आणि नोव्हेंबरात १० गुण कापूनही झाले. अपिलात ते ६ वर आले.

ज्याच्याकडे पैसा कमी पडला त्याला तारीख, ज्याच्याकडे पैसा जास्त त्याला सुनावणी. मला तरी असंच दिसतं. चुकत असेन तर सांगा.

तिवस्याचा गोलकीपर:
चुकताय, म्हणून सांगतो.

बोल्टनला १४ दिवस मिळाले कारण तिथे बुडत्या क्लबाचा कारभार पाहणारे प्रशासक बसलेले होते आणि विकत घेणारा समोर होता. दुसऱ्याच दिवशी सौदा झालासुद्धा. बरीच्या मालकाकडे लीग महिनाभर एकच मागत होती, हंगाम काढण्याइतका पैसा आहे याचा पुरावा. तो आला नाही. शेवटच्या दिवशी घेणारी कंपनीही मागे सरली. तोपर्यंत बरीच्या मॅचेस एकामागून एक पुढे ढकलल्या जात होत्या. समोरच्या क्लबांनी किती थांबायचं? त्यांचं तिकिटाचं गणित, त्यांचे खेळाडू, ते कोणी विचारत नाही.

आणि सिटी-एव्हर्टनची तुलनाच लागत नाही. एव्हर्टनचा मामला एका आकड्याचा होता. तेव्हा तीन वर्षांत १०५ दशलक्ष पौंडांपर्यंत तोटा चालायचा, त्यांचा १९.५ ने वर गेला. मर्यादा ओलांडली हे क्लबने स्वतः मान्य केलं, वाद फक्त किती आणि का एवढाच. सिटीला एकही आरोप मान्य नाही. नऊ हंगामांची कागदपत्रं तपासायची म्हटल्यावर आठ महिन्यांत कसं उरकेल?

पोट्टा यवतमाळचा:
गोलकीपर भाऊ, तुमी सिटीचे वकील हाय का? 😀
कागद जास्त हाय म्हणून टाइम जास्त, हे तर लय भारी झालं. म्हणजे गफला करायचा तर लहान करूच नका. २०२० मंधी युरोपवाल्यायनं सिटीवर त्यायच्या स्पर्धांतून दोन वर्षांची बंदी टाकली होती ना? काय झालं मंग तिचं?

तिवस्याचा गोलकीपर:
क्रीडा लवादाने रद्द केली. काही आरोप सिद्ध झाले नाहीत, काही पाच वर्षांच्या मुदतीबाहेर गेले होते. दंड ३० दशलक्ष युरोचा १० वर आला. निकाल आवडला नाही म्हणून तो विकत घेतला असं होत नाही.

वणीकर:
मुदतीबाहेर गेले, हेच तर मी म्हणतोय. खेचत नेलं की काळच माफी देतो. बरीला काळाने नाही दिली.

बाभूळगाव एक्स्प्रेस:
सगळे बरीसाठी रडून राहिले, पण ज्यानं वेळेवर भरलं त्याचं कोणी बोलत नाही. आपल्या इकडे २०१९ ची कर्जमाफी आठवा. थकलेल्याचं २ लाखांपर्यंतचं माफ झालं. आणि ज्यानं दागिने गहाण टाकून मार्चआधी सोसायटी नील केली, त्याच्या हातात ५० हजारांचं प्रोत्साहन पडायला २०२२ ची दिवाळी उजाडली. काहींच्या तर यादीतच नाव नाही. शिस्तीत वागणारा येडा ठरतो.

तिकडेही तेच. २०२२-२३ मध्ये एव्हर्टन ३६ गुणांवर तरला, लेस्टर ३४ वर खालच्या लीगमध्ये गेला. आणि एव्हर्टनचे गुण कापले कधी? पुढच्या हंगामात! ज्याचं नुकसान व्हायचं ते होऊन गेलं. मुदत देणं म्हणजे नेहमी दयाच असते असं नाही, ती दुसऱ्याच्या खिशातून दिली जाते.

पोट्टा यवतमाळचा:
लेस्टरचं नाव घेऊ नका एक्स्प्रेस भाऊ. त्यायनं पण मर्यादेच्या वर खर्च केला होता. पण हिशेबाचं वर्ष संपलं तवा ते प्रीमियर लीगमंधून खाली पडले होते, म्हणून अपिलात म्हणे लीगले त्यायच्यावर अधिकारच नाही. सप्टेंबर २०२४ ची गोष्ट. शिस्तीतला शेतकरी म्हणून दाखवाले हाच सापडला का तुमाले?

बाभूळगाव एक्स्प्रेस:
बरं, लेस्टर सोडा. मुद्दा सोडत नाही.

मंडपवाला:
मी फुटबॉल फार पाहत नाही, पोरगा पाहते. पण हा धागा वाचून राहवलं नाही.

तालुक्याच्या टुर्नामेंटले मंडप, माईक, हॅलोजन माझं असते. फायनलच्या रात्री स्टेजवर जिंकलेल्या टीमले रोख पाकीट देतेत, फोटो काढतेत. माझं बिल? "दिवाळीनंतर पाहू भाऊ." दिवाळी कोणती, ते सांगत नाहीत.

पोरानं सांगितलं का इंग्लंडात तर हा नियमच हाय. क्लब बुडाला तर खेळाडूंचे पगार अन दुसऱ्या क्लबांचे पैसे पुरे द्या, नाही तं लीगमंधी ठेवत नाही. बाकीच्यांले रुपयामागं काही पैसे भेटले तरी खूप. २०१० मंधी पोर्ट्समथ बुडाला, प्रीमियर लीगमधला असा पहिला क्लब. देणेकऱ्यांच्या यादीत मैदानावर पट्ट्या बांधणारी, सेवाभावी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स होती. २,७०२ पौंडांसाठी! सरकारचं टॅक्स खातं या नियमाच्या विरोधात कोर्टात गेलं, २०१२ मंधी हरलं. तुमी क्लबाक्लबात भेद मोजून राहिले. माझ्यासारख्याले तुमच्या बरीनंही बुडवलंच असन.

वणीकर:
हे मात्र खरं आहे मंडपवाले भाऊ. बरीच्या तडजोडीत साध्या देणेकऱ्यांना चार आणे देऊ, असंच ठरलं होतं. हा नियम गेलाच पाहिजे.

तिवस्याचा गोलकीपर:
गेला तर खेळाडू विकणारा छोटा क्लबच मरेल. मोठा क्लब हप्त्याने खेळाडू घेतो, उद्या तो बुडाला आणि हप्ते आले नाहीत तर तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनमधले चार जण त्याच्यासोबत बुडतील. नियम मंडपवाल्यांवर अन्याय करतो हे मान्य, पण तो साखळी तुटू नये म्हणून आहे.

दिग्रसचा मरिनर:
इंग्लंड-इंग्लंड काय लावलंय? घरचं पहा. मिझोरमच्या ऐझॉलने २०१६-१७ ची आय-लीग, म्हणजे तेव्हाची राष्ट्रीय लीग जिंकली, मोठ्या बजेटच्या क्लबांना मागे टाकून. बक्षीस काय? पैसेवाल्या आयएसएलचं (इंडियन सुपर लीगचं) दार बंद, कारण तिथे मैदानावर जिंकून जायची सोयच नव्हती. ईस्ट बंगालला मात्र सप्टेंबर २०२० मध्ये सिमेंटवाला गुंतवणूकदार मिळाला आणि नोव्हेंबरात ते आयएसएल खेळले. आमचा मोहन बागानही आधीच आयएसएलमध्ये असलेल्या एटीके क्लबाचा हात धरूनच आत गेला, ते लपवत नाही. आणि पहिली नॅशनल लीग जिंकणारा पंजाबचा क्लब जेसीटी २०११ मध्ये बंद पडला तेव्हा मुदतवाढीची चर्चासुद्धा झाली नाही.

तिवस्याचा गोलकीपर:
जेसीटी मालकांनी बंद केलं, लीगने नाही. ऐझॉलवर अन्याय झाला, ते मान्य. पण तो बुडणाऱ्या क्लबाचा प्रश्न नाही.

दिग्रसचा मरिनर:
मग बुडालेल्याचं घ्या. फ्लोरेन्सचा फिओरेंतिना क्लब २००२ मध्ये दिवाळखोर झाला, इटलीच्या चौथ्या पायरीवर नव्या नावाने उभा राहिला. २००३ मध्ये तिसरी पायरी गाळून थेट दुसरीवर! नाव मोठं, शहर मोठं. कोण्या खेड्यातल्या क्लबाला अशी लिफ्ट मिळाली असती का?

पोट्टा यवतमाळचा:
याच्यावर बोला गोलकीपर भाऊ 👀

तिवस्याचा गोलकीपर:
फिओरेंतिनाचं समर्थन करत नाही. ती उघड मेहेरबानी होती. पण उलटंही पहा. इंग्लंडच्या लुटन क्लबाचे पैशाच्या भानगडींत २००८-०९ मध्ये ३० गुण कापले, क्लब फुटबॉल लीगच्याही बाहेर गेला, आणि २०२३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये आला. कडक शिक्षेने क्लब मरतोच असं नाही.

वणीकर:
एक लुटन तरला म्हणून ३० गुण न्याय ठरत नाहीत. त्यातले १० तर जुन्या मालकांच्या काळातल्या भानगडींचे होते, भोगले पुढच्यांनी.

माझी मागणी साधी आहे. पैशाचा पुरावा द्यायला किती दिवस आणि निकाल किती महिन्यांत, हे आधी छापा आणि सगळ्यांना तेच लावा. २०२५ च्या कायद्याने इंग्लंडात स्वतंत्र नियामक आलाय, त्याने एवढं केलं तरी पुष्कळ.

तिवस्याचा गोलकीपर:
साध्या तोट्याच्या प्रकरणांत लीगने ते केलंच की. नॉटिंगहॅम फॉरेस्टवर जानेवारी २०२४ मध्ये आरोप, मार्चमध्ये ४ गुण वजा. मर्यादेच्या ३४.५ दशलक्ष पौंड वर गेले होते, पण सहकार्य केलं म्हणून ६ चे ४ झाले.

पोट्टा यवतमाळचा:
थांबा थांबा. ३४.५ वाल्याले ४ अन १९.५ वाल्याले ६? हे कोणतं माप हाय बाप्पा?

तिवस्याचा गोलकीपर:
त्या मापावर माझाही आक्षेप आहे. पण दोघेही मधल्या फळीचे क्लब. यात लहान-मोठा भेद कुठे आला, ते वणीकरांनी सांगावं.