काकांच्या फाइलवर 'अपात्र' शेरा आलाय, कारण दारू. पुढं काय करता येईल?

कोरडवाहू_यवतमाळ

नमस्कार मंडळी, थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या. मी यवतमाळ जिल्ह्यातला, सध्या नोकरीला चाकणला. दिवाळीच्या आधी आमच्या काकांनी आत्महत्या केली. चार एकर कोरडवाहू, कापूस नि सोयाबीन, सोसायटीचं पीककर्ज थकलेलं, वरून काकूच्या नावावर बचत गटाचं आणि एका मायक्रोफायनान्सवाल्याचं. आणि हो, काका प्यायचे. गावाला माहीत आहे तर इथं कशाला लपवू. आधी सणावाराला असायची, २०१७ ला बोंडअळीनं कापूस खाल्ला त्यानंतर रोजची झाली.

शेतकरी आत्महत्येला सरकारी मदत मिळते, तिच्यासाठी तहसीलमधून चौकशी झाली, तलाठी येऊन गेले, पोलीस पाटलाला विचारलं, शेजारपाजारी विचारलं. आता कळलं की प्रकरण अपात्र. कारण काय तर मयतास दारूचे व्यसन होते. बस एवढंच. सोसायटीची नोटीस, सातबारा, सगळं जोडलेलं होतं, त्याबद्दल एक ओळ नाही.

एक तर यावर पुढं काही करता येतं का ते सांगा. दुसरं म्हणजे, आमच्याच गावात मागं एकानं असंच केलं होतं, तो पीत नव्हता, तर पुढारी येऊन गेले, पेपरात फोटो आला, पोराच्या फीचं पण कुणीतरी बघितलं. काकांच्या तेराव्याला भावकीतलेसुद्धा धड आले नाहीत आणि बायका काकूला तोंडावर म्हणाल्या, सुटलीस बाई एकदाची. काकू काही बोलली नाही, आत जाऊन भांडी घासत बसली. नवरा गेलेल्या बाईला रडायचीही चोरी. चुलत भाऊ बारावीला आहे, तो तर कुणाशी बोलतच नाही. मेला तो माणूसच ना, मग गावाचे हे दोन हिशेब कशासाठी?

---

जुना_अव्वल_कारकून

भाऊ, वाईट वाटलं. मी महसुलात होतो, या फाइली हातातून गेल्यात, त्यामुळं कामाचं तेवढं सांगतो.

ही मदत २००६ च्या जीआरवर, म्हणजे शासन निर्णयावर, चालते. एक लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार वारसाच्या नावानं ठेवीत. निकष तीन, नापिकीमुळं कर्ज फेडता न येणं, बँक/सोसायटी/परवानाधारक सावकार यांचं कर्ज थकणं, आणि वसुलीचा तगादा. काकूचं मायक्रोफायनान्स यात धरत नाहीत बहुतेक ठिकाणी, पण सोसायटीचं थकीत आहे ना, मग तोच तुझा मुद्दा. 'पीत नसावा' अशी अट त्या तीन निकषांत नाही, हे नीट लक्षात घे. होतं काय, तलाठी गावात जातो, चार माणसं ओट्यावर बसलेली असतात, कशानं गेला हो? दारूनं गेला. झाला पंचनामा. कर्जाचा कागद बघायचा तर सोसायटीच्या सचिवाला गाठावं लागतं, दारू काय, कुणीही सांगतं.

जिल्हा समिती कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली असते. काकूच्या सहीनं कलेक्टरकडं फेरचौकशीचा अर्ज टाका. त्याआधी माहिती अधिकारात तलाठी अहवाल, पोलीस अहवाल, कृषी विभागाचा पीक परिस्थितीचा अहवाल आणि समितीच्या बैठकीचं इतिवृत्त मागवा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, ३० दिवसांत द्यावं लागतं त्यांना. कृषी अहवालात नापिकी लिहिलेली असेल आणि समितीनं फक्त दारू उचलली असेल तर तुमची बाजू चांगली आहे.

गोपीनाथ मुंडे अपघात योजनेचा फॉर्म भरा म्हणून एखादा एजंट मागं लागेल, त्याला पैसे देऊ नका. तिच्यात आत्महत्या बसत नाही, आणि नशेत झालेला अपघातही बसत नाही.

---

स्पष्टवक्ता_७२

राग येईल पण बोलतो. नियम बरोबर आहे. माझ्या वडिलांनी ७२ चा दुष्काळ काढला, रोजगार हमीवर खडी फोडली, दारूला शिवले नाहीत. आज पीककर्ज उचलायचं, निम्मं भट्टीवर घालायचं आणि शेवटी सरकारनं लाख रुपये द्यायचे, म्हणजे जो न पिता कर्ज फेडतोय तो येडा का? सहानुभूती आहे बायकापोरांबद्दल, पण गेलेल्या माणसाला हुतात्मा करू नका.

---

वर्धेची_वैशाली

स्पष्टवक्ता दादा, ते लाख रुपये मेलेला माणूस नेणार आहे का वर? ते त्या काकूला मिळणार, जिनं त्याचा मार पण खाल्ला असेल आणि सोसायटीच्या माणसासमोर हात पण तीच जोडत असेल. पिण्याची शिक्षा द्यायची तर पिणाऱ्याला द्या ना, तो तर गेला. मागं राहिली ती, तर तिला.

माझा नवरा प्यायचा म्हणून लिहितेय. आमचा जिल्हा १९७४ पासून कोरडा, कागदावर. नदीच्या पलीकडं यवतमाळ, तिकडून माल यायचा, घरपोच. आमच्या घरात कर्ज होतं म्हणून तो प्यायचा की पीत होता म्हणून कर्ज झालं हे मी त्याच्यासोबत राहून मला नाही सांगता येत, आणि तुमचा तलाठी एका दुपारीत ओट्यावर बसून ठरवणार!

मी काय काय नाही केलं. अंगारे, शपथा, माळ घालून बघितली. मग भिंतीवरची जाहिरात वाचून ती पावडर, 'न सांगता दारू सोडवा'. वरणात कालवून द्यायची. त्यात कुठलं औषध असतं कुणी सांगत नाही, नि वरून माणूस प्यायला तर बीपी एकदम पडू शकतं, हे मला नंतर डॉक्टरनं सांगितलं. कृपा करून कुणी देऊ नका. शेवटी भावानं पुण्याला मुक्तांगणला नेलं. १९८६ पासूनचं व्यसनमुक्ती केंद्र आहे ते, अवचट डॉक्टर पतीपत्नींनी काढलेलं, पुलं आणि सुनीताबाईंनी सुरुवातीला पैसा दिला होता. तिथं बायकांची वेगळी बैठक असते, सहचरी म्हणतात. पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं की तू कशी आहेस. लग्नापासून कुणी विचारलं नव्हतं हो.

आता तो पीत नाही. पण गावात अजून 'बेवड्याची बायको' असंच म्हणतात मला. तो सुटला ते कुणी लक्षात ठेवत नाही, मेला असता तर मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं असतं.

---

स्पष्टवक्ता_७२

ताई, पैसे बाईला जातात हा मुद्दा पटला. पण दारूची प्रकरणं सरसकट पात्र धरली तर उद्या प्रत्येक मयत कर्जबाजारीपणात दाखवतील, एजंट बसलेच आहेत तहसीलच्या बाहेर. तपासणी पाहिजेच.

---

सिस्टर_नाइट_ड्युटी

तपासणी पाहिजे ना, कोण नाही म्हणतंय, पण तपासणी म्हणजे एक कारण शोधून बाकीची खोडणं नव्हे. मी मानसोपचार वॉर्डला बरीच वर्षं आहे. एनसीआरबी, म्हणजे केंद्राचं गुन्ह्यांची नोंद ठेवणारं खातं, त्यांच्या आकड्यांत २०२२ ला देशात १,७०,९२४ आत्महत्या, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. कौटुंबिक कारणं, आजारपण, व्यसन, कर्ज, सगळे वेगवेगळे रकाने. माझ्याकडं येणारा पेशंट चारही रकाने एकत्र घेऊन येतो. झोप नाही म्हणून पितो, पितो म्हणून भांडण, भांडण म्हणून घराबाहेर, आणि मुळात डिप्रेशन आहे ते कुणी बघितलेलंच नसतं कारण 'त्याला काय झालंय, पिऊन पडतो'.

उपचाराचं म्हणाल तर २०१९ मध्ये एम्सच्या सर्व्हेत आलं होतं की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांत एकाला कसली ना कसली मदत मिळते. आपण म्हणतो मनावर घेतलं तर सुटते. अहो, रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात बंद केली तर फिट येते, दोनतीन दिवसांत भास होतात, जीव पण जातो. घरचे खोलीत कोंडतात आणि वाटतं भूत लागलं. ते दवाखान्यात गोळ्या देऊन, बी वन व्हिटॅमिन देऊन उतरवायचं असतं.

गर्द, इंजेक्शनवाल्या पोरांचं तर याहून वाईट. ओव्हरडोस झालेल्या पोराला मित्र कॅज्युअल्टीच्या दारात टाकून पळून जातात, पोलीस धरतील म्हणून. किती घेतलं, काय घेतलं सांगायला कुणी नाही, आणि तीच माहिती आम्हाला हवी असते. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात ६४ए कलम आहे, सेवन किंवा थोड्या मालाची केस असेल आणि स्वतःहून उपचाराला आला तर खटल्यातून सूट मिळू शकते. मी आजपर्यंत एका पालकाला हे माहीत असलेलं बघितलं नाही. पोरगा गेला की घरचे सांगतात हार्टअटॅक. बहिणीचं लग्न व्हायचं असतं ना.

आत्महत्येच्या प्रयत्नाचं पण तेच. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो की असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असं धरायचं, त्याच्यावर खटला नको, उपचार द्या. तरी अजून नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, सिस्टर, केस होईल का?

कोरडवाहू, तू पैशाचं बघ, पण आधी भावाकडं बघ. बाप असा गेलेल्या पोरांना जास्त जपावं लागतं. त्याला एकट्याला घेऊन बस आणि सरळ विचार, तुझ्या मनात मरायचे विचार येतात का. विचारल्यानं डोक्यात भरतं हे खोटं आहे, उलट मोकळं होतं पोरगं. हो म्हणाला तर एकटं सोडू नको, आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडीला घेऊन जा. १४४१६ टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, फुकट, मराठीत बोलतात, रात्री पण. व्यसनासाठी १४४४६. बापाबद्दल त्याच्यासमोर खोटं बोलू नका, प्यायचे, आजारी होते, कर्ज होतं, आणि तुझ्यामुळं काही झालं नाही, हे शेवटचं दहा वेळा सांग.

---

कोरडवाहू_यवतमाळ

सगळ्यांचे आभार. वैशालीताई, काकूला तुमचं वाचून दाखवलं फोनवर, म्हणाली त्या बाईचा नंबर मिळंल का. मेसेज करतो तुम्हाला.

सिस्टर, काल भावाला विचारलं. फोनवर नाही, गावाला जाऊनच. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला त्या दिवशी सकाळी बाबाशी भांडलो होतो दारूवरून. आतापर्यंत आईलाही सांगितलं नव्हतं त्यानं. मरायचे विचार येतात का म्हटलं तर म्हणाला कधीकधी. रात्री त्याच्याजवळच झोपलो. सोमवारी यवतमाळला ओपीडीत नेतोय, तोवर रजा टाकलीय.

कारकून साहेब, माहिती अधिकाराचा अर्ज तहसीलला टाकू की कलेक्टर ऑफिसला?

---

जुना_अव्वल_कारकून

दोन्हीकडं टाक, वेगवेगळे. तलाठी अहवाल तहसीलला, समितीचं इतिवृत्त कलेक्टर ऑफिसला, पोलीस अहवालासाठी तिसरा ठाण्यात. फेरचौकशीच्या अर्जात 'काका पीत नव्हते' असं चुकूनही लिहू नको, खोटं पडेल. पीत होते हे मान्य करून थकबाकीची तारीख, नोटिशीची तारीख आणि त्या हंगामाची आणेवारी, म्हणजे पीक किती आलं त्याचा सरकारी अंदाज, एवढंच मांड. आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नको, आवक नंबर टाकून, शिक्क्यासकट.