काकडीच्या कळ्या पिवळ्या पडून गळायल्यात, हातानं परागीभवन केलं तर सेटिंग होईल का?

विश्रामबागची_गच्ची

नमस्कार मंडळी, मी सांगलीत विश्रामबागला राहते, तिसऱ्या मजल्यावर आमची गच्ची आहे तिथं ग्रो बॅगमध्ये काकडी लावलीय, पाण्याच्या टाकीच्या स्टँडला जाळी बांधून वेल वर चढवलेत. वेलाला काही म्हणजे काही प्रॉब्लेम नाही, पानं हाताच्या पंजाएवढी, फुलं तर पिवळीधमक झालीत नुसती, येणारे जाणारे बघून म्हणतात वा वा. पण काकडी धरायलाच तयार नाही. फुलाच्या मागं बोटाच्या पेराएवढी काटेरी काकडी दिसते, दोन-तीन दिवस हिरवी राहते आणि मग फुलाकडच्या टोकापासनं पिवळी पडत जाते, हात लावला की पडलीच. नर्सरीवाल्यानं बोरॉन दिलं ते मारून झालं, शेजारच्या काकूंनी नजर लागली म्हणून जाळीला लिंबू-मिरची बांधली तेही झालं 😀

आता कुणीतरी सांगितलं की गच्चीवर मधमाशा येत नाहीत म्हणून ब्रशनं परागीभवन करावं लागतं. तर नर फूल कुठलं मादी कुठलं, कसं करायचं आणि मुख्य म्हणजे मला सकाळी डबे आणि मुलांची शाळा असते, दुपारी जेवणाच्या सुट्टीत केलं तर चालतं का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

कोरेगावचा_अण्णा

ताई तुमचा वेल उपाशी न्हाय, त्याचं लगीन लागंना एवढंच हाय. बोरॉन फिरॉन ठेवा बाजूला.

आता नीट बघा. पानाच्या बेचक्यात जी फुलं झुपक्यानं येत्यात, तीन-चार एकाजागी, देठ दोऱ्यासारखा बारीक आणि मागं कायबी न्हाय, ती नर. मादी बहुतेक एकटी येती आणि तिच्या मागं ती तुमची पेराएवढी काकडी असतीच, फूल उमलायच्या आधीपासनं असती, त्यामुळं काकडी दिसली म्हणजे धरली असं न्हाय. पराग मिळाला तर ती फुगती, न्हाय मिळाला तर तुम्ही सांगताय तशीच पिवळी पडून गळती. सुरवातीला आठ-पंधरा दिवस नुसती नर फुलंच येत्यात, त्याला आमच्याकडं वांझ फुलं म्हणून काय जण खुडून टाकत्यात, तसलं काय करू नका, तीच तर पाहिजेत.

दुपारी चालत न्हाय. काकडीचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी त्याचा खेळ संपतो, दुसऱ्या दिवशी ते कामाचं न्हाय. आत्ता होळीनंतरच्या उन्हात तर दुपारपतोर पराग पार वाळून गेलेला असतो. ऊन वर आलं की लगेच करायचं, साधारण सात ते नऊ धरा, लैच उशीर झाला तर धा.

ब्रश लागतोच असं न्हाय, मी तर नर फूलच वापरतो. ताजं उमललेलं नर फूल देठासकट खुडायचं, त्याच्या पाकळ्या मागं वळवून तोडून टाकायच्या, मधी पिवळा दांडा राहतो. तो आधी अंगठ्याच्या नखावर हळूच घासून बघा. नखावर हळदीगत पिवळं लागलं तर फूल तयार, काय लागलं न्हाय तर ते टाका दुसरं घ्या. मग मादी फुलात वाकून बघा, मधी जाडसर ओलसर असं तीन पाकळ्यांचं बोंड दिसतं, त्या तिन्हीवर तो दांडा फिरवायचा, दाबायचा न्हाय, नुसता गोल फिरवायचा. एकाच बाजूला लागलं की काकडी वाकडी होती, एका टोकाला जाड आणि एका टोकाला बारीक, बाजारात तसली कुणी घेत न्हाय, घरी कोशिंबिरीला काय फरक पडत न्हाय म्हणा. एका नर फुलात दोन-तीन मादी आरामात होत्यात. झालं की देठाला लोकरीचा दोरा सैल बांधा म्हणजे कुठली केली ते ध्यानात राहतं.

गावरान_बियाणं

थ्री जी कटिंग करा, शेंडा मारा, मग जो फुटवा येईल त्याचा पण शेंडा मारा, तिसऱ्या फुटव्याला मादीच मादी. मी केलंय, रिझल्ट १००%

मिरज_ॲग्री

@गावरान_बियाणं दादा, प्रश्न नीट वाचा की. त्यांच्याकडं मादी फुलं येतायत, ती गळतायत. मादी कमी असतील तर शेंडा मारणं ठीक आहे, बाजूच्या फांद्यांवर मादी फुलांचं प्रमाण जास्त असतं हे खरंच आहे. पण ज्या वेलाला आत्ताच परागाअभावी कळी टिकत नाही त्यावर आणखी मादी आणून काय करणार, आणखी गळ.

ताई, अण्णांनी पद्धत बरोबर सांगितलीय, माझ्याकडून थोडी भर. काकडीचा पराग जड आणि चिकट असतो, मक्यासारखा वाऱ्यानं उडत नाही, त्यामुळं गच्चीवर कितीही वारं असलं तरी त्याचा उपयोग नाही, कुणीतरी तो उचलून न्यायलाच लागतो. माशीनं करायचं म्हटलं तरी एकदा बसून भागत नाही, चांगली सरळ काकडी व्हायला एका मादी फुलावर आठ-दहा वेळा तरी माशी यावी लागते. म्हणून एखादी माशी दिसली की काम झालं असं समजू नका.

दोन गोष्टी मात्र आधी तपासा. एक, गळालेली कळी चिरून बघा. आत अळी असेल किंवा सालीवर सुईनं टोचल्यागत बारीक भोक आणि त्यातनं डिंकासारखं काही आलेलं असेल तर ती फळमाशी आहे, तिथं ब्रश फिरवून काही होणार नाही, क्यू ल्युरचा कामगंध सापळा (वासानं नर फळमाशी ओढून घेणारा) लावायचा आणि किडकी फळं गोळा करून गच्चीवरनं लांब पिशवीत बांधून टाकायची, कुंडीतच टाकली की परत तीच माशी. तुमच्या वर्णनावरनं, टोकाकडनं पिवळी पडून सुकणं, मला तर परागीभवनाचाच विषय वाटतोय.

दुसरं म्हणजे बियाण्याचं पाकीट असेल तर वाचा. पॉलीहाऊससाठीच्या काही जाती पार्थेनोकार्पिक असतात, त्यात परागाशिवायच फळ धरतं, बी नसतं. तसली जात असेल तर परागीभवन करायचंच नाही, उलट केलं तर बी धरून फळ बेढब होतं. पुना खीरा, राहुरीची हिमांगी असल्या आपल्या जातींना मात्र पराग लागतोच लागतो.

आणि खत काय देताय तेही सांगा. पानं पंजाएवढी म्हणताय म्हणजे नत्र जास्त झालेलं दिसतंय. नत्र जास्त, दिवस मोठा आणि ऊन कडक असलं की वेल नर फुलं जास्त काढतो, थंडी आणि लहान दिवस असले की मादी वाढतात. शेतकरी दोन पानं आणि चार पानं असताना इथ्रेल नावाचं संजीवक १५०-२०० पीपीएम मारतात मादी वाढवायला, पण घरच्या खायच्या चार वेलांना ते करत बसू नका, आणि तुमच्या वेलाचं ते वय आता गेलंय पण.

पेठेतला_बंड्या

मंडईत या सकाळी, ताजी काकडी मिळती पिशवीभर. एवढं लग्नकार्य करण्यात अर्धा दिवस जातोय 😂

शाहूपुरी_सातारा

@पेठेतला_बंड्या भाऊ, मंडईतल्या काकडीवर काय काय मारलेलं असतं ते कुणाला माहिती, म्हणून तर माणूस गच्चीवर लावतो.

ताई, हातानं करणं आहेच पण रोज सकाळी कोण करणार, तुम्हाला डबे आहेत. आमच्याकडं साताऱ्यात गच्चीवर हाच त्रास होता तर मी वेलाच्या आजूबाजूला सब्जा, तुळस, झेंडू असल्या कुंड्या ठेवल्या आणि तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या बंद केल्या. सब्जाला फुलोरी माशा तुटून पडतात अक्षरशः, ती बारीक असते, डंख फारसा करत नाही, आणि तिथून वळली की काकडीवर येतेच. एका पसरट ताटलीत खडे घालून पाणी ठेवा, उन्हाळ्यात माशा पाण्यालाच आधी येतात, खडे अशासाठी की बसायला जागा पाहिजे नाहीतर बुडून मरतात. आणि काही फवारायचं असलं, अगदी निंबोळी अर्क किंवा दशपर्णी सुद्धा, तर संध्याकाळी. सकाळी फुलं उघडी असताना फवारलं की माशी पण जाते आणि परागही भिजून वाया.

कुणीतरी आता सांगेल मधमाशीची पेटी आणा. आमच्या जिल्ह्यात महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, मांघर तर २०२२ ला मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिकडं सातेरी म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या पेट्या घरोघरी बघायला मिळतात, बघून हौस येतेच. पण तिकडं मागं जंगल आहे हो. अपार्टमेंटच्या गच्चीवर चार काकड्यांसाठी पेटी ठेवली तर माशांना खायला काय आणि खालच्या मजल्यावरच्यांना एक डंख बसला की सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय तुमचाच. सब्जा लावा, स्वस्तात काम होतं.

विश्रामबागची_गच्ची

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद 🙏 गळालेल्या कळ्या चिरून बघितल्या, अळी वगैरे काही नाही, भोक पण नाही. बियाणं नर्सरीतनं सुट्टं घेतलं होतं त्यामुळं पाकीट नाही पण नर्सरीवाला म्हणतोय गावरान पांढरी आहे. खत म्हणजे शेणखत आणि दर आठवड्याला १९-१९-१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं), ते आता थांबवते. अण्णा, नखावर घासायची आयडिया मस्त आहे, आज डबे भरायच्या आधी चहाचा कप घेऊनच वर गेले होते, पहिल्या दोन फुलांचं काहीच लागलं नाही, तिसऱ्याचं लागलं. दोरे बांधलेत, बघू.

अजून दोन शंका. सासूबाई म्हणतात शेजारी कारल्याचा वेल आहे, त्याचा पराग लागला तर काकडी कडू होईल. खरं का? आणि दुधीचा पण एक वेल आहे, त्याच्या कळ्याही गळतात, तो पण सकाळीच करायचा का एका खेपेत?

मिरज_ॲग्री

सासूबाईंना सांगा निर्धास्त राहा. कारल्याचा पराग काकडीला चालतच नाही, कुळ एक असलं तरी जात वेगळी. आणि दुसऱ्या काकडीचा पराग लागला तरी ह्या वर्षीच्या फळाची चव बदलत नाही, फरक पडला तर त्यातल्या बियांत, म्हणजे बी धरून पुढच्या वर्षी लावणार असाल तेव्हा. कडूपणा वेलातल्या कुकुरबिटासिन नावाच्या कडू द्रव्यामुळं येतो आणि पाण्याचा ताण, कडक ऊन ह्यात तो वाढतो. ग्रो बॅग तापते, एक वेळ पाणी चुकलं की झालं. दोन वेळा थोडं थोडं पाणी द्या आणि बॅगवर पाचट नाहीतर वाळका पाला घाला. देठाकडचा भाग जास्त कडू असतो, तो कापून टाकायचा, ते काय तुम्हाला सांगायला नको.

१९-१९-१९ एकदम बंद नका करू, कमी करा. काकडी धरायला लागली की पालाश जास्त असलेलं काहीतरी लागेल.

कोरेगावचा_अण्णा

दुधीचं उलटं हाय ताई. ती पांढरी फुलं संध्याकाळी उमलत्यात आणि सकाळपतोर मान टाकत्यात, सकाळी जाऊन काय उपेग न्हाय. पद्धत तीच, नर खुडायचा, नखावर बघायचं, मादीवर फिरवायचा, फक्त दिवेलागणीला करायचं. दोडकाबी तसाच, संध्याकाळचा. कारलं काकडीबरोबर सकाळी होतं.

दोरा बांधलेल्या काकड्यांचं असं बघा, दोन-तीन दिवसात देठ जाड व्हायला लागला आणि काकडी खाली वाकली तर ती धरली. सरळ उभी राहून पिवळी पडायला लागली तर खुडून टाका, वेलाची ताकद दुसरीकडं जाईल. आणि पहिल्या दोन-चार लहान असतानाच काढा, मोठ्ठी करत बसू नका, एक जून झाली बियाला की वेल पुढची कळी धरायचं सोडतो.

पेठेतला_बंड्या

काकडी निघाली की फोटो टाका ताई, आणि वाकडी निघाली तरी टाका 😄