कॉलेज, शिफ्ट आणि जत्रेचं नाटक: ताण वाढला की आधी काय सोडायचं?

पेडणे_तिसरंवर्ष
स्पष्ट लिहितो, चिडणारे चिडोत. कॉलेज सांभाळून नोकरी करणाऱ्याला 'वेळेचं नियोजन कर, प्राणायाम कर, रोज डायरी लिही' हे सांगणं आता बंद करा. ओझं जड झालं तर थोडं उतरवावं लागतं. ते हसतमुखाने कसं उचलावं याचे वर्ग घेऊन भागत नाही.

हिशेबच मांडतो. २०२३-२४ पासून आपल्याकडे गोव्यात नव्या शैक्षणिक धोरणाचा पदवी अभ्यासक्रम आला. एका सत्राला साधारण २० क्रेडिट, एका क्रेडिटला १५ तास शिकवणं. पंधरा आठवड्यांत ते बसवलं की आठवड्याला वर्गातच २० तास जातात. प्रॅक्टिकल असलं तर आणखी. संध्याकाळी पाच ते अकरा, सहा दिवस शिफ्ट धरली की ३६. पेडण्याहून म्हापसा, तिथून किनाऱ्यावरचं हॉटेल आणि रात्री परत, यात १५ तरी. झोप सात तासांची धरली (घेतो कोण?) तर ४९. झाले १२०. आठवड्याचे तास १६८. उरलेल्यांत असाइनमेंट, इंटर्नल, जेवणखाण, घरची कामं आणि वर गावचं सगळं: जत्रेच्या नाटकाची तालीम, शिगमो, चवथीची माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं बांधलेली चौकट), सप्ताहातला पार.

म्हणून माझं म्हणणं: आधी नाटक सोडा. त्यावाचून कोणी नापास होत नाही, कोणाचा पगार कापला जात नाही. एक वर्ष 'जमणार नाही' म्हणा. गावात चार दिवस बोलतील, मग विसरतील.

तालीमवाली_सत्तरी
जी एकच गोष्ट आपण आपल्या खुशीने करतो, तीच पहिली सोडायची? छान.

मी सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर मेडिकल दुकानाचं काउंटर करते. दिवसभर माझ्याशी बोलणारा प्रत्येक माणूस काहीतरी मागत असतो. रात्री देवळाच्या मंडपात सतरंजीवर बसलं की तेवढा वेळ कोणी काही मागत नाही. परवा माझं दुसऱ्या अंकातलं भाषण सलग तीनदा एकाच शब्दावर अडलं. पेटीवाले मास्तर भाता धरून थांबले, मग त्यांनी तोच अडलेला शब्द सुरात वाजवून दाखवला. हसून हसून पोट दुखलं. त्या रात्री मला झोप लागली, जी आधीचे कित्येक दिवस लागत नव्हती.

आणि ही नुसती माझी हौस नाही. आपल्याच गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' या संस्थेने नैराश्यावरचा एक छोटा उपचार तपासला होता, २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. मानसोपचारतज्ज्ञ नव्हे, प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक, सहा ते आठ भेटी. त्याचा गाभा काय, तर खचलेल्या माणसाने आवडीची कामं आणि माणसांत जाणं सोडून दिलेलं असतं, ते थोडंथोडं पुन्हा सुरू करायचं. नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा त्याने जास्त लोकांना उतार पडला. म्हणजे उपचारात जे परत आणायचं, ते तू आधीच काढून टाकायला सांगतोस.

माटोळी_कमिटी
सगळे तिसऱ्या वर्षाला गेले की माटोळीला नारळाचे घड कोण बांधणार? काका लोकांना आता शिडीवर चढवत नाही.

जुना_हिशेबनीस
मुला, तुझ्याच आकड्यांनी तुझा दावा पाडतो. १६८ मधून १२० गेले की ४८ तास उरतात. दिवसाला सात तासांहून थोडे कमीच. एवढा वेळ हातात असताना ताण कसला? मोबाइलवर किती जातात तेही मांड की. आम्ही दिवसा गोदामात माल मोजून रात्रीच्या वर्गांना बसलो. 'ताण' हा शब्दच नव्हता, 'काम' होतं.

शिवाय थोडा ताण हवाच. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन यांनी दाखवलंय की डोक्यावर काहीच दडपण नसेल तर शिकणं मंदावतं.

पेडणे_तिसरंवर्ष
काका, तो प्रयोग उंदरांवर होता, विजेचे झटके देऊन. आणि त्यातच हेही दिसलं की काम जितकं अवघड, तितका जोराचा झटका शिकणं बिघडवतो. कॉस्ट अकाउंटिंग सोपं आहे असं तुम्हाला वाटत असेल तर माझी वही पाठवतो.

४८ तासांचं मात्र बोलतो, कारण खरी गोम तिथेच आहे. ते तास सलग नसतात. दीडला लेक्चर सुटतं, शिफ्ट पाचला. घरी जाऊन परत येणं परवडत नाही, लायब्ररी साडेचारला बंद. मधले साडेतीन तास कॅन्टीनच्या बाकावर, शेजारी कोणाचं तरी रील चालू. कागदावर तो 'मोकळा वेळ'. त्यात पुढच्या आठवड्याचं रोस्टर रविवारी रात्री ग्रुपवर पडतं. सोमवारी सकाळची शिफ्ट लागली तर इंटर्नलचं काय करायचं ते रविवारी रात्री अकराला ठरवायचं. कितीही डायऱ्या लिहा, उद्याचाच पत्ता नसेल तर नियोजन कशाचं करणार?

तालीमवाली_सत्तरी
मग भांडण रोस्टरशी आहे ना? नाटकावर कशाला घसरलास? तालमीची वेळ तरी आधी ठरलेली असते. कधी नव्हे ती आमची मंडळी त्या बाबतीत हॉटेलवाल्यांपेक्षा बरी.

फ्रंट_ऑफिस_कांदोळी
हॉटेलवाल्यांच्या वतीने लिहितो, शिव्या खायला तयार आहे. रोस्टर उशिरा निघतं ते कोणाला छळायला नाही. ऑक्टोबर ते मार्च सीझन, बुकिंग शेवटच्या क्षणी येतं, लग्नाची पार्टी आली की बँक्वेटला दहा माणसं जास्त लागतात. कायमचे लोक आधी सुट्ट्या घेतात, उरलेल्या जागी पार्टटाइमवाले बसतात. हे बरोबर आहे असं म्हणत नाही, चालतं असं.

पण मुलांचंही एक सांगतो. परीक्षेचं वेळापत्रक यांच्याकडे बरंच आधी आलेलं असतं, आम्हाला दोन दिवस आधी कळतं. तेही 'सर, घरी प्रॉब्लेम आहे' अशा रूपात. 'मंगळवारी दहा ते एक पेपर आहे' असा फोटो महिनाभर आधी पाठवला तर शिफ्ट बदलून देणारे बरेच असतात. न देणारा भेटला तर नोकरी बदला. सीझनमध्ये माणसांची टंचाई आहे, घाबरता कशाला?

जुना_हिशेबनीस
हे पटलं. आमच्या काळी मालकाला विचारायची छाती नव्हती एवढंच.

रात्रपाळी_बांबोळी
नर्सिंगला आहे, वॉर्डातल्या ड्यूट्या अभ्यासक्रमाचाच भाग आहेत. आम्ही काय सोडायचं ते सांगाल का? तुमच्या यादीतलं काहीच माझ्या हातात नाही.

सगळे नाटक ठेवायचं की नोकरी यावर भांडताय आणि प्रत्यक्षात सगळेच झोप कापताय. पाठ केलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत. रात्र जागून वाचलेलं सकाळी ओळखीचं वाटतं, पण लिहिताना हाताला येत नाही. संध्याकाळी सातला घेतलेल्या कॉफीतलं अर्धं कॅफिन मध्यरात्रीच्या सुमाराला अंगात शिल्लक असतं. आणि रात्रपाळी करून स्कूटरवर घरी जाऊ नका. मी बस स्टँडच्या बाकावर वीस मिनिटं डोळे मिटून मग निघते. बाकीचं तत्त्वज्ञान नंतर.

कॉलेजातली_बाई
मी शिकवते, म्हणून दोन व्यवहाराच्या गोष्टी.

नव्या धोरणात क्रेडिट जमा राहतात, मध्ये थांबून पुन्हा येण्याची सोय आहे. तरी 'एक वर्ष नोकरी करतो आणि मग परत येतो' म्हणून गेलेली सगळी मुलं परतत नाहीत. पगाराची सवय लागते, घरातही तो धरला जातो. थांबायचंच असेल तर कोणत्या टप्प्यावर कोणतं प्रमाणपत्र हातात पडतं ते ऑफिसात विचारून थांबा, सत्राच्या मध्यावर नको. इंटर्नशिपच्या क्रेडिटसाठी आपली नोकरी धरता येईल का तेही विचारा. आपोआप कोणी धरत नाही, पण विषयाशी जुळणारी असेल तर विचारण्यात काही जात नाही.

दुसरं, जे मूल वर्गात पेंगतं त्याची मला काळजी नसते, ते निदान आलेलं असतं. जे आधी बोलायचं आणि आता मागच्या बाकावर बसून कोणाकडेच बघत नाही, त्याला मी बाहेर बोलावते. जेवण नकोसं वाटणं, कारण नसताना रडू येणं, जगणंच नको वाटणं, इथवर आलं असेल तर नाटक ठेवायचं की सोडायचं हा प्रश्नच राहत नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकटचा नंबर आहे, चोवीस तास. बांबोळीला मानसोपचार संस्थेची ओपीडी आहे. तिथे जाणारा 'वेडा' ठरत नाही, हे घरच्यांना सांगायला कोणी हवं असेल तर आम्हा शिक्षकांना पुढे करा.

पेडणे_तिसरंवर्ष
बाई, इंटर्नशिपचं माहीत नव्हतं, सोमवारी विचारतो. रोस्टरचंही महिनाभर आधी सांगून बघतो.

नाटकाबद्दल मात्र मी हटत नाही. सगळ्यांनाच तालमीत विसावा मिळत नाही, ताई. आमच्याकडे भूमिका नाकारली की 'आता मोठा झालास' ऐकावं लागतं, आणि पडद्यामागची कामं तीच तीन पोरं करतात. खुशीने करतो त्याला कोण अडवतंय? भिडेखातर करतो त्याने सोडावं.

तालीमवाली_सत्तरी
भिडेखातर करणाऱ्याने सोडावं हे मान्य. पण वरती तू तसं लिहिलं नव्हतंस, 'आधी नाटक सोडा' असं सरसकट लिहिलं होतंस.

फ्रंट_ऑफिस_कांदोळी
पार्टटाइमवाल्यांना दोन आठवड्यांचं रोस्टर एकदम द्यायचं, असं मी माझ्यापुरतं करून बघतो. डिसेंबरचा शेवटचा आठवडा सोडून. त्या आठवड्यात मला स्वतःलाच माझी शिफ्ट माहीत नसते.

माटोळी_कमिटी
चवथ सीझनच्या आधी येते. म्हणजे शिडी धरायला सगळे मोकळे. नावं लिहून घेतोय.